होडी नाय, गुडघा हाय तो

पुन्हा वाच. — नाय नाय, वरचं नको, ते शेवटचं, ते ‘शतकानुशतके’वालं, तेवढंच पुन्हा वाच, नीट ऐकू दे मला. — ‘खाडीच्या लाटांवर झुलणाऱ्या होडीची लय कोळी बांधवांनी शतकानुशतके आपल्या नृत्यात जपली आहे.’ वा! वा रे वा! कुणी लिहिलं हे? तू? स्वतः? — बस, बस, उठू नको, मी ओरडत नाय, माझा आवाजच असा हाय, तीस वर्षं बाजारात बसलं की कुणाचाही होईल. तर अनिश सर — सरच बोलतात ना तुला डान्सक्लासमधली पोरं? — तू एवढ्या उन्हात मानपाड्यावरून बाईक हाणत ठाण्याला आलास, आमच्या कोळीवाड्यात चार जणांना दौलतकाकांचं घर कुठं म्हणून विचारलंस, आणि आता माझ्याच ओट्यावर बसून मला, दौलतच्या बायकोला, मंजुळाला, होडीची लय वाचून दाखवतोस. कसली होडी रे? होडी नाय, गुडघा हाय तो. उजवा गुडघा.

हस, हस. मलाही आधी हसूच आलेलं. शतकानुशतके म्हणे! चार वर्षं झाली फक्त. माझ्या भाचीच्या, भाविकाच्या हळदीत जन्माला आली ती तुमची स्टेप, टिटवाळ्याला, बिल्डिंगच्या खालच्या पार्किंगमध्ये, आणि भाविकाचा पोरगा अजून बालवाडीत पण नाय गेला. त्याच्यापेक्षा जेमतेम एका वर्षानं मोठी तुमची परंपरा. आणि तू ते स्पर्धेच्या फॉर्मवर लिहिणार, वरती माईकवर कुणीतरी बाई गोड आवाजात वाचणार, आणि पुढच्या वर्षी कुणी दुसरा येऊन मलाच सांगणार — काकू, तुमच्या लोकांत हे फार जुनं हाय. — नाय, करंदीला हात लावू नको, राहू दे, तुला सोलता येणार नाय, काटा घुसेल बोटात. मी सोलता सोलता बोलते. हाताला काम असलं की राग जरा कमी येतो. आज तसापण कमी नाय येत.

तर ऐक, तुला कुठून आली ते पाहिजे ना, कुठून आली ते सांगते. सात वर्षं झाली त्याला. हे ओहोटीला खाली गेलेले, चिंबोऱ्या धरायला. आता चिखलात पाय रुतला की ओढायचा नाय, वळायचं नाय, सरळ आडवं पडायचं आणि हळूहळू सोडवून घ्यायचा, हे आमच्यात शेंबड्या पोराला पण माहीत. पन्नास वर्षांचा माणूस, जन्म गेला त्या चिखलात, आणि काय केलं? कुणीतरी मागून हाक मारली म्हणून वळून बघितलं. पाय तिथंच राहिला आणि माणूस वळला. मला आवाज नाय आला, पण हे बोलतात की गुडघ्यातून आवाज आलेला. मग मी नेलं — हो, मीच नेलं, खोटं कशाला बोलू — मुरबाडच्या बाजूला एक हाडं बसवणारा होता त्याच्याकडं, सगळे तिकडंच जायचे. त्यानं तेल चोळलं, बांबूच्या कामट्या बांधल्या, दीड महिन्यात धावेल बोलला. धावला? आता पाय सरळ पुढं येतच नाय. आधी बाहेर फेकायला लागतो, मग अर्धा गोल फिरून पुढं येतो, तोवर कंबर वर जाते, डावा खांदा खाली पडतो, आणि तोल जाऊ नये म्हणून हात कमरेवर. — काय? हो. हीच. हीच तुमची स्टेप. एक, दोन, फेक, झोल. तू क्लासमध्ये मोजून शिकवतोस ना, बघितलंय मी. ‘फेक’वर माझ्या माणसाच्या गुडघ्यात हाडावर हाड घासतं. तिकडं तुझ्या पोरी हसतात. दात दाखवून हसायला तूच सांगतोस त्यांना, चेहरा फ्रेश पाहिजे म्हणून.

तुला माहीत नाय हे आधी कसे नाचायचे. आता लोकांना वाटतं हा म्हातारा ह्या एका स्टेपवाला. अरे, ह्या कोळीवाड्यात दौलत उतरला की बेंजोवाले घाम पुसायला थांबायचे नाय. मी लग्न कशाला केलं ह्यांच्याशी? होडी अर्धी दुसऱ्याची, घर हे एवढंसं, सासू — जाऊ दे, ती गेली आता. नाचायचे म्हणून केलं. पाय जमिनीला लागायचेच नाय. आणि तो पाय असा झाल्यावर तीन वर्षं खुर्ची. कुणाची हळद असो, गौरी असो, मंडळाची पूजा असो, हे आपले कडेला खुर्ची घेऊन बसणार, हातात कोल्ड्रिंकचा ग्लास, आणि दुसऱ्यांच्या पायांकडं बघणार. तोंडाकडं नाय, पायांकडं. मी किती वेळा बोलली, चला घरी जाऊ, जेवण बांधून घेते. तर बोलायचे, बस गं, एक गाणं होऊ दे. असं करत तीन वर्षं.

मग भाविकाची हळद. नवऱ्याकडची मंडळी लांबची, त्यांना आमचं काय माहीत नाय. भाविका आली आणि मामा, मामा करत हात धरून ओढलं, हळदीची पोरगी, तिला नाय कसं म्हणणार, आणि पोटात दोन पेग गेलेले, ते पण होतेच. उठले. आणि नाचायला लागले — म्हणजे नाचायला लागले असं त्यांना वाटलं. पाय तो असा फेकला जाणार, खांदा असा पडणार. मी हळदीचं ताट घेऊन समोर उभी. बघते तर ह्यांच्या मागं नवऱ्याकडचा एक पोरगा, हे एवढे केस वर काढलेले, तो ह्यांच्यासारखा पाय फेकतोय. नक्कल करतोय रे. लंगड्याची नक्कल. त्याच्या बाजूचे दोघं पोट धरून हसतायत, तिसऱ्यानं मोबाईल वर धरलाय. आणि हे पुढं, डोळे मिटून. तीन वर्षांनी नाचत होते ना, डोळे मिटलेले. कोणत्याही क्षणी उघडतील, वळून बघतील.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या पोराच्या कानाखाली वाजवायची होती, हात उचललेला पण, मग मनात आलं, वाजवली तर गाणं थांबेल, सगळे बघतील, आणि ह्यांना कळेल कशासाठी वाजवली. मग मी काय केलं — ताट ठेवलं खाली, पदर खोचला, आणि गेली ह्यांच्या बाजूला उभी राहिली आणि माझा पाय पण तसाच फेकला. धडधाकट पाय. फेक, झोल. फेक, झोल. माझ्या दोन्ही जावा बघत होत्या, त्यांना डोळ्यानं बोलली — या. बायकांना सांगायला लागत नाय रे. आल्या. नणंद आली, तिच्या दोघी सुना आल्या, शेजारची आली, अकरा बायका एका रांगेत, सगळ्यांचा उजवा पाय बाहेरून अर्धा गोल, सगळ्यांचे खांदे डावीकडं खाली. आता कर नक्कल! आता कुणाला हसतोस? तो पोरगा तिथंच उभा, त्याचा पाय पण तसाच चाललेला, तो पण रांगेतलाच वाटायला लागला. ज्याला लंगडा म्हणायचं तो सापडेनाच. आणि बेंजोवाला, तो कोपरचा, कान्हा, त्यानं बघितलं की पाय फिरून यायला वेळ लागतोय, त्यानं ठेका तिथं अर्धी मात्रा धरून ठेवला, पाय टेकला की सोडला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आज कल्याणपासून दिवा गावापर्यंत कुठल्याही हळदीत जा, तो ठेका तिथं थांबतोच. लोक बोलतात काय सुंदर थांबतो.

आणि ह्यांनी डोळे उघडले. आजूबाजूला बघितलं, अकरा बायका, आणि चेहरा असा — काय सांगू तुला, लग्नातपण असा नव्हता. घरी येताना रिक्षात मला बोलले, मंजू, बघितलं का, बायकांनी माझी स्टेप उचलली. मी बोलली, हो, बघितलं.

बस एवढंच. ही तुझी शतकं.

— काय? — नाय. त्यांना नाय माहीत. — नाय रे, चार वर्षांत नाय सांगितलं, कुणीच नाय, माझ्या जावांनी पण नाय. ए, थांब, मी हे तुला — अरे देवा. मी हे तुला सांगायला बसलेली नव्हती. मी फक्त होडीचं सांगणार होती. हे बघ अनिश, हे तू त्यांना बोलायचं नाय. तुझ्या त्या पेपरवर लिहायचं नाय, कुणा पत्रकाराला, कुणा बाईला सांगायचं नाय. तुझी होडीच राहू दे त्यापेक्षा. होडी लिही, लाट लिही, लिही काय लिहायचं ते, पण हे नाय.

मग पुढचं तुला माहीतच हाय. माझ्या ऐश्वर्यानं, मुलीनं, टाकलं ते रीलवर, कौतुकानं टाकलं, तिला तरी कुठं माहीत होतं. एका महिन्यात दिव्याच्या हळदीत कुणीतरी केली. मग कळव्याला. मग लोक हळदीचं बोलवणं करायला यायचे ते ह्यांच्यासाठी यायचे, दौलतकाका पाहिजेतच. हे केस काळे करायला लागले. नवीन टोपी घेतली. आणि मला — खोटं नाय बोलणार — मला बरं वाटायचं. खुर्ची सुटली होती ना. मी बोलली, चालू दे. मग तू आलास, तुझ्या क्लासची पोरं, वीस पोरं एकसारखी, आणि मध्ये ती छोटी, दोन वेण्यांवाली, सात वर्षांची असेल, तिचे गुडघे कसे लोण्यासारखे, आणि ती लंगडते. आणि चांगली दिसते रे! हाच तर राग हाय माझा. वाईट दिसली असती तर मी शिव्या घालून मोकळी झाली असती. तो तुमचा व्हिडिओ मी किती वेळा बघितला असेल? रोज बघते. त्या वीस पोरांचे पाय एकदम फिरून येतात आणि ठेका थांबतो तेव्हा माझ्या पण अंगावर काटा येतो. आणि मग मोबाईल खाली ठेवला की आतल्या खोलीतून आवाज येतो. काय करतायत माहितीये? कपाटाच्या आरशासमोर पाय फेकतायत. आपल्याच लंगडण्याची तालीम! जेवढं लंगडायला लागतं त्याच्यापेक्षा जास्त लंगडतात, कारण तुझ्या पोरांचा पाय लांब जातो आणि ह्यांचा कमी जातो. मागच्या महिन्यात मला बोलले, त्या पोरांची बघ, माझ्यापेक्षा साफ हाय, मला सुधारायला पाहिजे. अरे, सुधारायचं काय हाय त्यात! सुधारायचं तर दवाखान्यात हाय!

हां. आता आलं तोंडात तर ऐक. तू कशाला आलायस मला माहीत हाय. रविवारी स्पर्धा, काका पुढं एकटे, मागं तुझी वीस पोरं, काकांनी पहिली स्टेप टाकायची आणि मग सगळ्यांनी. त्यांनी मला दहा वेळा सांगितलंय, तू नको सांगू. आणि शुक्रवारी काय हाय ते तुला सांगितलं का त्यांनी? — नाय ना. शुक्रवारी ह्यांचं ऑपरेशन हाय. गुडघा बदलायचा. चौदा महिने थांबलोय आम्ही त्या तारखेला. माझे किती खेटे, केसपेपर, एक्स-रे, ह्या खिडकीतून त्या खिडकीत, शेवटी मिळाली तारीख. डॉक्टरीणबाईंनी फोटो लावून दाखवला मला, बोलली, मावशी, हे बघा, मध्ये काही उरलंच नाय, आणि हा माणूस सगळा भार दुसऱ्या पायावर देतो म्हणून तो पण चाललाय, अजून वर्षभर असंच चाललं तर दोन्ही जातील, मग काठी पण पुरणार नाय. आणि हे केलं, तर माणूस सरळ चालेल. सरळ! ऐकलंस?

तर परवा रात्री जेवताना बोलतात — शुक्रवारचं पुढं ढकलू. मी बोलली, स्पर्धेसाठी? मग बोलतात, मंजू, पाय सरळ झाला तर मग माझ्याकडं काय राहील?

आता मी काय करू? सांग ना. तू सर हायस, वीस पोरांना अक्कल शिकवतोस, मला पण सांग. खरं सांगू त्यांना? सांगू की अहो, ती स्टेप नव्हती, तुम्हाला हसत होते म्हणून आम्ही अकरा जणी लंगडलो? मग जातील ऑपरेशनला, हो, जातील. आणि सरळ चालत येऊन परत त्या खुर्चीवर बसतील, आणि ह्या वेळी जन्मभर उठणार नाय. एवढ्या हळदी, एवढ्या टाळ्या, ती टोपी, सगळं आठवून आठवून मरतील. आणि नाय सांगितलं तर पाय जातो. मीच केलं हे. त्या दिवशी थोबाडीत मारली असती त्या पोराच्या तर एक दिवसाचा तमाशा झाला असता, दोन दिवस रडले असते, संपलं असतं. मी शहाणपणा केला.

म्हणून तुला सांगते. तू सांग त्यांना. तुझं ऐकतील, तुला मानतात, तुझा फोन झाला की अनिश सर बोलले, अनिश सर बोलले, दिवसभर हेच चालतं. सांग की ती स्टेप आता जुनी झाली. सांग, परीक्षकांना नवीन काहीतरी पाहिजे, आम्ही ती काढून टाकली. — तुझ्या हातात नाय? कशी तुझ्या हातात नाय? — हो, कळतंय मला, तू काढलीस तरी दिव्याचा कुणीतरी करणारच, हळदी थांबणार नाय. बेंजोवाले थांबणार नाय. अरे पण मला सगळ्या जगाचं नको हाय, मला रविवारचं पाहिजे! रविवारी ह्यांना कुणी बोलवायचं नाय, बस. शुक्रवारी टेबलावर झोपतील. नंतर रागावू देत, माझ्यावर रागावू देत, तुझ्यावर रागावू देत. — पोरांची मेहनत? सहा महिने? माझा माणूस सात वर्षं मेहनत करतोय त्या स्टेपवर, तुला माहीत तरी हाय का! — हो, नंबर येईल. येईल ना. पहिलाच येईल, मी काय आंधळी हाय? म्हणूनच बोलते ना. पहिला नंबर आला तर मग तो गुडघा आमचा राहतच नाय, मग तो कुणी बदलून देणार नाय.

थांब. — बघ तिकडं. गल्लीच्या तोंडाशी. पिठाच्या गिरणीवरून येतायत. बघ, भिंतीला हात लावत चालतायत ना, हळूहळू, ते खरं चालणं. तसंच चालतात रोज, कुणी बघत नसलं की. आता तुझी बाईक दिसेल त्यांना, क्लासचं नाव लिहिलेली. — दिसली. बघ. भिंतीवरचा हात काढला. पिशवी डाव्या हातात घेतली. बघ, बघ कसा पाय टाकायला लागले! कंबर बघ. दुखतंय म्हणून नाय करत ते, तुझ्यासाठी करतायत. अरे, घाम बघ त्यांच्या तोंडावर, आणि हसतायत.

उठू नको. तोंड पूस, असा रडवेला बसू नको. आणि काय बोलायचं ते ठरव आत्ताच, दहा पावलांवर आलेत. — नाय जमत? बरं. मग गप्प बस. मी बोलते, तू नुसतं हो म्हणायचं.

— आलात? द्या, पिशवी द्या इकडं, पीठ सांडतंय. बसा. अहो, बसा आधी, ते दाखवू नका, सर काय ते बघायला नाय आलेत. सर निघालेच होते. सांगायला आलेले की रविवारी तुम्ही नाय आलात तरी चालेल. त्यांना दुसरा माणूस मिळालाय पुढं उभा करायला. तुमच्यापेक्षा साफ करतो बोलले, तरुण हाय, आणि त्याला — त्याला काय दुखत बिखत नाय. हो ना, सर? अहो, माझ्याकडं काय बघता, त्यांना विचारा. सर, सांगा ना ह्यांना. — सर. — हो म्हणा.